बर्फाखालचा माग

१

त्या वर्षी आमची उत्तरेकडची खाडी लवकर गोठली. नाताळ उलटायच्या आतच आम्ही मासे धरायची आपापली खोपटी ओढत बर्फावर नेली. माझं खोपटं सगळ्यांत बाहेरचं, खोल पाण्याकडे. तिथून किनाऱ्याच्या दिशेने चाळीस पावलांवर आलीरचं. मग शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींची पाच-सहा, आणि अगदी किनाऱ्याजवळ, जिथे ओहोटीला जेमतेम चार फूट पाणी उरतं, तिथे आझेलीमावशीचं. आझेली ही माझ्या बायकोची, ओबेलिनची मावशी. वय एकोणऐंशी. तिचं घर काठावरच होतं. मागच्या दारातून निघाली की शंभर पावलांत ती आपल्या गळापाशी पोचायची.

मी कामाला असतो तो खेकड्यांचा कारखाना हिवाळाभर बंद असतो, त्यामुळे माझा दिवस ठरलेला होता. उजाडलं की स्प्रूसच्या सूचिपर्णी रानात जाऊन सशांचे फासे बघायचे. सापडलेले दोन-तीन ससे ओबेलिनच्या स्वाधीन करायचे. ती त्यांचा बटाटे घातलेला रस्सा करी. मग दुपारभर खोपट्यात बसून एपर्लान पकडायचे. वीतभर लांबीचा हा चांदीसारखा मासा ताजा असला की त्याला काकडीचा वास येतो. पीठ लावून डुकराच्या चरबीत तळला की काट्यासकट खायचा.

खोपट्याला खिडकी असते, पण मी तिला आतून काळा रंग फासला होता. दार लावलं की आत मिट्ट काळोख, फक्त पत्र्याच्या शेगडीच्या फटीतला लाल उजेड. पण तळाच्या फळीतलं भोक उघडलं की खालचं पाणी उजळलेलं दिसतं, कारण बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेला असतो. सात फूट खालचा चिखल स्वच्छ दिसतो. त्यावर अंड्यांची टरफलं टाकली की वरून जाणारा मासा ठळक उठतो. दीड महिना मी तोच चौकोन बघत होतो. त्यातला एकेक दगड मला पाठ होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी भोकावरचं झाकण काढलं आणि खाली पाऊल उमटलेलं दिसलं.

उजवं पाऊल. अनवाणी. पाच बोटं, टाच, मधली कमान. अंड्याचं एक टरफल टाचेखाली दबून चिखलात रुतलं होतं.

२

पहिल्यांदा मी हसलो. माणूस हसतोच. म्हटलं, उन्हाळ्यात कुणीतरी शिंपल्या काढायला उतरलं असेल, प्रवाहाने वरचा गाळ सरकला आणि जुना ठसा उघडा पडला. पण उन्हाळ्यातही तिथे सात फूट पाणी असतं. आणि ते टरफल मी रविवारी टाकलं होतं.

दारात बूट आपटत आलीर आत आला. आलीर माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, विधुर, आणि जिभेला हाड नाही.

"काय रे मेदेरिक, एवढा वाकून काय बघतोस? कवळी पडली?"

"कवळी तुझी. इकडे बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पाणबुड्या असेल," तो म्हणाला.

"अनवाणी?"

"पोलिसांचे पाणबुडे येतात की."

"आलीर, दोन फूट जाडीचा बर्फ आहे. आणि बर्फातली सगळी भोकं आपणच पाडली आहेत."

"मग तूच उतरला असशील. ओबेलिनने परवा धुतलं म्हणत होतास ना तुला."

दोघेही हसलो. मग तो आपल्या खोपट्यात गेला, आणि मी संध्याकाळपर्यंत गळ न टाकता बसून राहिलो. एकही मासा आला नाही. आदल्या तीन दिवसांतही आला नव्हता. सगळेजण त्याबद्दल कुरकुरत होते.

दुसऱ्या दिवशी ठसे चार झाले.

माग वाचणं माझ्या हातून सुटत नाही. बर्फावरचा सशाचा माग बघून तो पोटभर जेवला होता की उपाशी होता, हे मी सांगतो. तसाच हाही वाचला. खोल पाण्याकडून आलेला, किनाऱ्याकडे तोंड असलेला. आखूड पावलं. दर पावलाला टाच बोटांपेक्षा खोल, म्हणजे चालणारा थांबत थांबत चालत होता. चौथा ठसा बरोबर माझ्या भोकाखाली होता. तिथे टाच नव्हती. दोन्ही पायांची फक्त बोटं होती, शेजारी शेजारी, खोल रुतलेली.

कुणीतरी तिथे चवड्यांवर उभं राहून वर हात पोचवायचा प्रयत्न केला होता.

३

आलीरच्या भोकाखालीही तेच निघालं. तिथे पाणी सहा फूट. चवडे टेकलेले होते, पण कमी खोल. म्हणजे तिथे तेवढं ताणावं लागलं नव्हतं. हे मी मोठ्याने बोललो, तेव्हा आलीरने टोपी काढली आणि परत घातली.

गिरमिट काढायची कल्पना त्याचीच. "माग आहे ना? मग काढू माग. नाहीतर मला झोप नाही लागायची."

सकाळचे दहा वाजले होते. लख्ख ऊन, वारा नाही, थंडी उणे वीस. त्याच्या खोपट्यापासून किनाऱ्याच्या दिशेने दर दहा पावलांवर आम्ही एक भोक पाडत गेलो. तो गिरमिट फिरवायचा आणि मी पालथा पडून डोक्यावरून घोंगडी घेऊन भोकाला डोळा लावायचो. घोंगडीखाली काळोख झाला की पाण्याचा हिरवा उजेड डोळ्यांत शिरायचा. गिरमिटाने उठलेली धूळ हळूहळू खाली बसायची आणि मग ठसे दिसायचे.

"आहेत?"

"आहेत."

"किनाऱ्याकडेच?"

"किनाऱ्याकडेच."

रस्त्यात जी जी खोपटी होती, त्या प्रत्येकाखाली माग गेला होता. वाकडी वाट करूनही गेला होता. दर खोपट्याच्या भोकाखाली तो थांबला होता, मग पुढे निघाला होता. त्या खोपट्यांत रविवारपासून कुणी आलं नव्हतं. त्यांची भोकं वरून गोठून बंद झाली होती.

"घरोघर फिरतंय," आलीर म्हणाला. त्याच्या भुवयांवर बर्फ धरला होता. "वर्गणी गोळा करायला आल्यासारखं."

मी हसलो नाही. तोही हसला नव्हता. आम्ही दोघांनी एकाच वेळी वर बघितलं. पुढे एकच खोपटं उरलं होतं. त्याच्या पत्र्याच्या नळीतून धूर निघत होता.

४

"दार लावा! माझे मासे पळतील," आझेलीमावशी ओरडली.

ती बाकावर बसली होती. गुडघ्यांवर गोधडी, हातात आखूड काठी, काठीला दोरा. शेजारची बादली काठोकाठ भरली होती. ताज्या काकडीचा वास आत कोंदला होता.

"हे सगळं आजचं?" मी विचारलं.

"आजचंच. काल दोन बादल्या. तुम्ही बाप्ये खोल पाण्यात बसून काय करता रे? झोपता?"

"मावशी, खाडीत चार-पाच दिवस कुणालाही मासा लागलेला नाही."

"कुणाला म्हणजे तुम्हाला," ती म्हणाली. "मी चाळीस हिवाळे इथे बसतेय. आमचे हेसुद्धा जळायचे माझ्यावर."

तेवढ्यात दोरा हलला. मासा लागला की दोरा थरथरतो, तसा नाही. दोनदा, सावकाश, खाली ओढला गेला. दारावरची घंटी वाजवावी तसा.

"बघ," मावशी खुशीत म्हणाली आणि दोरा गुंडाळू लागली. "हल्लीचे मासे शहाणे झालेत. धडपड नाही, काही नाही. गप येतात."

एपर्लान वर आला. तो मेलेला होता. मावशीने तो काढायला हात पुढे केला, पण मी तिच्याआधी गळ धरला आणि दाराच्या फटीतल्या उजेडात नेला.

मासा गळ गिळतो. फार तर गालात अडकवून घेतो. ह्या माशाच्या खालच्या ओठातून गळ आत गेला होता आणि वरच्या ओठातून नीट बाहेर निघाला होता, सुईत दोरा ओवावा तसा. असा मासा गळाला लागत नाही. असा मासा गळाला लावतात. मोठा मासा धरायचा असला की आमिष म्हणून आपणच लावतो.

माशाच्या दोन्ही कुशींवर दाबल्याच्या खुणा होत्या. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. चिमटीत धरल्यासारख्या.

मी तो आलीरला दाखवला. त्याने बघितला, बादलीतले आणखी चार-पाच उचलून बघितले, आणि मग मावशीला म्हणाला, "आझेली, ऊठ."

"का म्हणून?"

"ऊठ म्हणतो ना."

मी भोकात वाकलो होतो. ओहोटी होती. चार फुटांखालचा चिखल हाताला लागेल इतका जवळ दिसत होता. तिथे पावलं नव्हती. शेजारी शेजारी दोन गोल खळगे होते. मला समजायला क्षणभर लागला. चार फूट पाण्यात, बर्फाच्या छताखाली, माणसाला उभं राहता येत नाही. तिथे कुणीतरी गुडघे टेकून बसत होतं.

एका खळग्यातून गाळ अजून वर उठत होता.

५

मावशी सहजासहजी हलली नाही. "बर्फ पातळ झालाय," मी म्हटलं, तर तिने काठीने बर्फ ठोकून दाखवला. "मोटार चालेल यावरून! चोर मेले, तुम्हाला माझी जागा हवीये." शेवटी आलीरने तिला गोधडीसकट उचललं आणि ज्या मोटारच्या बर्फगाडीवरून गिरमिट आणलं होतं तिच्या मागच्या घसरगाडीवर बसवलं. बादली तिने मांडीवर घेतली. ती सोडायला ती तयार नव्हती.

मी ओबेलिनला फोन केला. काही सांगितलं नाही. फक्त "पिकअप घेऊन मावशीच्या घरासमोरच्या रस्त्यावर ये, तिला आपल्याकडे न्यायचंय," एवढंच म्हटलं. माझ्या आवाजावरून तिने ओळखलं असावं, कारण तिने का म्हणून विचारलं नाही.

आलीरची गाडी किनाऱ्याला लागली. काठालगत, भरती-ओहोटीने बर्फ वरखाली होतो तिथे, एक कायमची भेग असते. तिच्यावर आम्ही फळी टाकून ठेवतो. फळीवरून आलीरने मावशीला हाताला धरून नेलेलं मी खोपट्याच्या दारातून बघितलं. मग मला शेगडी आठवली. ती आत पेटलेली होती. लाकडी खोपटं जळून गेलं असतं.

मी परत आत शिरलो आणि सवयीने दार ओढून घेतलं.

६

शेगडीवर मी बर्फ टाकला. फुसफुस झाली, वाफ झाली, मग शांत. काळोखात तेवढा तो हिरवा चौकोन उरला.

मावशीची काठी बाकावरच होती. दोरा भोकात सोडलेला. मासा काढून घेतल्यावर मी गळ हातातून टाकला होता, तो परत पाण्यात गेला असावा.

दोरा दोनदा ओढला गेला.

मी हललो नाही. डोक्यात अगदी शहाणे विचार चालू होते, ते मला अजून शब्दशः आठवतात. सील असेल. सील मासा धरून खेळतो. खाली गुडघ्यांचे खळगे आहेत ते सीलच्या पोटाचे असतील. ठसे म्हणजे, ठसे म्हणजे... तिथे विचार अडला.

दोरा पुन्हा ओढला गेला. दोनदा. वाट बघितली गेली. मग पाण्याच्या उजेडात, बर्फाच्या कडेखालून, हात आला.

मनगटापर्यंतच दिसला. माणसाचा होता. फिकट, पाण्यात फार वेळ राहून बोटांची टोकं सुरकुततात तशी सुरकुतलेली, नखं तुटलेली. बाईचा की पुरुषाचा ते मला सांगता येणार नाही. चिमटीत एक एपर्लान होता. दुसरा हातही आला आणि त्याने गळ पकडला. मग त्या दोन हातांनी, अजिबात घाई न करता, मासा गळावर ओवला. खालच्या ओठातून आत, वरच्या ओठातून बाहेर. हे काम त्यांनी पुष्कळदा केलेलं होतं. मग दोरा दोनदा ओढला.

वरून कुणी ओढत नाही हे लक्षात आल्यावर ते हात थांबले. उजवा तळवा उघडला, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकला. पाणी किंचित फुगलं, पण हात बाहेर आला नाही. बोटं थरथरत होती. मग एकाएकी दोन्ही हात आखडले गेले. कुणीतरी मागून हाक मारावी तसे. आणि गेले.

पायांखालच्या बर्फाला काहीतरी घासलं. घासण्याचा तो आवाज किनाऱ्याच्या दिशेने गेला. पटपट.

मी बाकावर किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. भरती लागली होती. बर्फ उचलताना किनाऱ्याची भेग कण्हते, तो आवाज आला. मग मी दाराकडे धावलो.

७

भेगेतून पाणी वर आलं होतं आणि फळी एका बाजूला सरकली होती. पलीकडच्या बर्फावर ओले ठसे होते, गोठू लागलेले. अनवाणी. ते वाचायला आता काही कसब लागत नव्हतं. लांब टांगा, टाचा न टेकलेल्या, एका पायाचं बोट फाटून बर्फावर तांबडा ठिपका. पळणाऱ्याचा माग होता तो.

ठसे मावशीच्या मागच्या दारात गेले होते. दार आतून बंद होतं.

मी घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेलो. रस्त्यावर आमची पिकअप उभी होती, इंजिन चालू. आत मावशी आणि आलीर बसलेले दिसले. मला हायसं वाटलं. मग मी दाराकडे बघितलं.

ओबेलिन पायरीवर उभी होती. अंगात कोट नाही. एक पाय भिंतीला रोवून, दोन्ही उघड्या हातांनी दाराची पितळी मूठ धरून ती दार आपल्याकडे ओढत होती. हातमोजे पायाशी पडले होते, शेजारी मावशीच्या गोळ्यांची डबी.

"ओबेलिन!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. तिचा आवाज मी चौतीस वर्षांत तसा ऐकला नव्हता. "आत कुणी आहे."

"सोड ते. चल गाडीत."

"सोडलं तर मावशीच्या मागे येईल."

मी तिच्या हातांवर हात ठेवले आणि कान दाराला लावला. आत पावलं वाजत होती. ओली, हलकी, झपझप. स्वयंपाकघरातून पलंगाच्या खोलीत, तिथून परत. मला वाटलं होतं काही फुटेल, आदळेल. तसं काहीच झालं नाही. ऐकू येत होते ते बंद करण्याचे आवाज. एक दार लागलं. दुसरं लागलं. खिडकीची कडी सरकली. तळघराचं झाकण धप्पकन बसलं आणि त्यावर काहीतरी जड फरफटत आणलं गेलं. शेगडीच्या नळीची झडप फिरली. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला, म्हणून मी तिकडे बघितलं. काचेआड चार बोटं पडद्याची कड धरून होती. पडदा ओढला गेला.

मग पावलं आमच्या दारापाशी आली आणि थांबली. फळीच्या पलीकडे श्वास ऐकू येत होता, मिनिटभर, कदाचित जास्तच. मग तो दूर गेला. जिना करकरला.

"आता जोर लावत नाहीये," ओबेलिन म्हणाली आणि तिने मूठ सोडली. दार आपोआप इंचभर उघडलं.

८

आत मी आणि आलीर गेलो. जायला नको होतं. पण आलीरच्या हातात पिकअपमधली माझी बंदूक होती आणि दोन पुरुषांना एकमेकांसमोर माघार घेववत नाही, एवढंच त्याचं कारण.

शेगडी विझलेली, घर गार. सगळे पडदे ओढलेले. तळघराच्या झाकणावर पिठाचं पिंप आणून ठेवलेलं. मोरीच्या भोकात मावशीचं फडकं कोंबलेलं. न्हाणीच्या भोकातही. मागच्या दाराचं किल्लीचं भोक समुद्राच्या गवताने बुजवलेलं, आणि त्या गवतातून पाणी ठिबकत होतं. उंदराने भिंतीला पाडलेलं एक बोटभर भोक होतं. तेसुद्धा.

"हे काय आहे, मेदेरिक?" आलीर कुजबुजला. "चोर असं करतो का?"

ओले ठसे जिन्यावरून वर गेले होते. वर एकच खोली, आणि तिच्या छताला माळ्याचं झाकण. झाकण बंद होतं. खाली खुर्ची ठेवलेली, खुर्चीवर बोटांचे ओले ठसे.

माळ्यावर काहीही वाजत नव्हतं. पण झाकणाच्या फटीतून एक थेंब पडला, खुर्चीवर टपकला, आणि थोड्या वेळाने दुसरा.

मी आलीरकडे बघितलं. त्याने मान हलवली. नाही. आम्ही पाठ न फिरवता जिना उतरलो.

मावशी गाडीत बादली मांडीवर घेऊन बसली होती. "माझ्या गोळ्या आणल्यात?" तिने विचारलं. "आणि घर उघडं टाकून निघालात की काय?"

९

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर, मावशीचं घर टाळून, लांबच्या धक्क्यावरून आम्ही खोपटी काढायला गेलो. रात्रभर दोघांनी मिळून कारणं जुळवली होती. कुणी वेडा माणूस, कुठल्या इस्पितळातून पळालेला. गारठ्याने बधिर झालेला. पोलिसांना कळवायचं, पण आधी खोपटी काढायची. माझी इच्छा होती की हे खरं असावं.

माझ्या खोपट्यात शिरून मी दार लावलं, भोकावरचा नवा बर्फ फोडला आणि खाली बघितलं.

ठसे नव्हते. अंड्यांची टरफलं नव्हती. दीड महिना मला पाठ असलेले दगडही नव्हते. चिखल घोटलेल्या फरशीसारखा गुळगुळीत झाला होता, आणि समुद्री गवताची जी चार पाती उरली होती ती सगळी एकाच दिशेला चिकटून पडली होती. किनाऱ्याकडे. काहीतरी त्यावरून ओढलं गेलं होतं. किंवा स्वतःहून सरपटत गेलं होतं. मी बाकावर आडवा पडून, मान वाकडी करून, डावीकडे आणि उजवीकडे जेवढं दिसेल तेवढं बघितलं. त्या घासणीचे काठ मला दिसले नाहीत.

आलीरच्या भोकाखालीही तेच होतं.

आम्ही खोपटी तिथेच सोडली. ती घासण जिकडे गेली होती तिकडे, मावशीच्या घरासमोर किनाऱ्याला आलो, तर भेगेवरची फळी नव्हती. भेग, जी कायम हातभर रुंद असते, ती गाडी जाईल एवढी झाली होती. तिथून मावशीच्या घरापर्यंतचा बर्फ सपाट, दाबलेला, चकचकीत. ते ओले ठसे, माझ्या आणि आलीरच्या बुटांचे, सगळे माग पुसले गेले होते. रात्री वारा नव्हता. बर्फही पडला नव्हता.

मागचं दार उघडं होतं. चौकट मोडलेली नाही, कडी तुटलेली नाही. नुसतं उघडं, कुणी उघडतं तसं. आतला पडदा बाहेर आला होता आणि पायरीवर गोठून उभा राहिला होता. वरच्या खोलीची खिडकी आम्हाला खालून दिसत होती. तिच्यातून खोलीचं छत दिसत होतं, आणि माळ्याचं झाकण खाली लोंबत होतं.

आलीरच्या तोंडून एक आवाज निघाला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो साठीतला माणूस लहान मुलासारखा तोंडावर हात धरून उभा होता.

आत आम्ही गेलो नाही. पोलीस गेले. त्यांना घर रिकामं सापडलं, माळा रिकामा आणि ओला. पाइप फुटला असेल, असं त्यांनी लिहून घेतलं.

१०

याला सहा वर्षं झाली. आझेलीमावशी त्यानंतर तीन हिवाळे आमच्याकडे राहिली आणि आमच्याच पलंगावर, झोपेत, सुखाने गेली. आपली जागा आम्ही बळकावली असं ती शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगत होती. आलीर मुलीकडे शहरात गेला. आम्ही समुद्रापासून चाळीस किलोमीटर आत, टेकडीवर घर घेतलं. मासा घरात येत नाही.

ओबेलिन त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली. गेल्या वर्षी, भांडी पुसता पुसता.

"तुला आठवतं, डॉक्टरने माझे तळवे बघितले होते?"

आठवत होतं. उणे वीसमध्ये उघड्या हाताने पितळ धरलं तर कातडी त्याला चिकटून सोलून निघते. तिने दहा मिनिटं धरलं होतं आणि तिच्या हातांना काही झालं नव्हतं. डॉक्टरला ते खरं वाटलं नव्हतं.

"मूठ गरम होती," ती म्हणाली. "पलीकडूनही कुणी धरली होती. तू येईपर्यंत, आणि शेवटी पुन्हा."

"दार उघडायला बघत होतं?"

"तेच तर." तिने थाळी खाली ठेवली. "ते दार आत उघडतं, मेदेरिक. मी बाहेरून ओढत होते, ते बंद राहावं म्हणून. उघडायचं असतं तर त्याने आत ओढलं असतं. ते आतून ढकलत होतं. माझ्यासारखंच. बंद राहावं म्हणून." तिचे डोळे भरून आले. "आपल्याला घाबरलं होतं रे ते. आणि आपण बंदूक घेऊन गेलो."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तरुणपणी एकदा रानात एक ससा धावत येऊन माझ्या दोन बुटांच्या मध्ये दबून बसला होता. थरथर कापत होता. मागे माणसापेक्षाही भयंकर काही लागलं असेल तरच ससा माणसाजवळ येतो, हे कुठल्याही फासेवाल्याला ठाऊक असतं. मी त्या सशाकडे बघितलं नव्हतं. तो ज्या झाडीतून आला होता त्या झाडीकडे बघत मी एकेक पाऊल मागे सरलो होतो.

खाडीच्या तळाशी मी दुसऱ्या दिवशी काय बघितलं, ते ओबेलिनला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, ते बिचारं आपल्याला भ्यालं. तिला तसंच वाटू दे.